आई दोन म्हणायची, मी सात लिहायचे

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आणि माझं तोंड काय गप्प बसणारं आहे का? तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर, आठवडे बाजारात, बसस्टँडच्या दारात — भोंगा हातात आला की मी अर्धा तास थांबत नाही. लोक म्हणतात, ही पोरगी कुणाला भीत नाही. खरं आहे. अधिकाऱ्यांना भीत नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात एक बाई आहे, पदर खोचून चुलीपाशी बसलेली, तिच्या डोळ्यांत बघायला मी गेली दोन वर्षं भिते. का भिते, तेच आज लिहायला बसले आहे.

मी मूळची एरंडोलची. जळगावला एका छोट्या संघटनेचं काम करते — सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही, मशीन आहे तर चालवणारा नाही, असल्या गोष्टींसाठी भांडणारी संघटना. तिथे माझ्याकडे पत्रकं लिहायचं काम आहे. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, शेवटी मागण्या. पत्रकात ‘मी’ कधी नसते, ‘आम्ही’ असतो. ‘आम्ही’च्या मागे लपायला फार जागा असते — हे मला आत्ता, ‘मी’ लिहिताना हात अडतोय तेव्हा कळतंय.

तर आईपासून सुरू करते.

माझी आई खापरावरचे मांडे करते. करायची. आमच्या भागात लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, पुरणाचे मांडे आणि आमरस नसेल तर पाहुणा जेवला असं कुणी म्हणत नाही. आणि मांडा येऱ्यागबाळ्याला जमत नाही. पुरण भरलेली पोळी पाटावर लाटून झाली की ती दोन्ही हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवायची, कोपरापर्यंत आली की अंगासकट वळून चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद पसरायची. पाटाकडून चुलीकडे, चुलीकडून पाटाकडे — दिवसभर मान फिरत असते, नजर मांड्यावर असते, आणि खाली जाळ असतो. आईचा मांडा फाटलेला मी पाहिलेला नाही. पारोळ्यापासून धरणगावापर्यंत लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी तिला विचारून जायचे.

अशाच एका लग्नात तिच्या हातावर मांडा होता आणि तिच्याभोवती मांडव फिरला. ती तसंच सांगते — मी नाही फिरली, मांडव फिरला. मांडा राखेत पडला, आई खापरावर. उजवं कोपर भाजलं. वऱ्हाडातल्या बायका म्हणाल्या, ऊन लागलं. पण चक्कर दुसऱ्या दिवशीही राहिली, आठवड्यानंतरही राहिली. कूस बदलली की छत गरगरायचं. मोरीपर्यंत जाताना ती भिंत धरायची, भिंत संपली की मला हाक मारायची. “योगे, मले धर वं!”

मला. हे लक्षात ठेवा.

तेव्हा मी जळगावचं काम टाकून महिनाभर घरीच होते. तिला मोरीत नेलं, वेणी घातली, पायऱ्या उतरवल्या. आई माझ्या दंडाला इतकी घट्ट धरायची की नखं रुतायची. आणि सांगू? मला ते आवडायचं. आमच्या घरात मी कागद वाटत फिरणारी, लग्नाचं नाव न काढणारी, स्वयंपाकघरात पाय न ठेवणारी पोर. आईच्या उपयोगी मी पहिल्यांदाच पडत होते.

धुळ्याला कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, तिला सूज येऊन गेली आहे. गोळ्या थोडे दिवस, मग व्यायाम. मेंदूला तोल पुन्हा शिकवावा लागतो. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडम त्याच दवाखान्यात होत्या. पण रोज एरंडोलहून धुळे? चक्कर येणाऱ्या बाईने, एसटीने? मॅडमनी फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं. रोज दोनदा व्यायाम. फोन समोर उभा करायचा, पडद्यावर एक मोठा ठिपका दिसतो, टिकटिक सुरू होते, त्या ठेक्यावर मान डावी-उजवी करायची आणि नजर मात्र ठिपक्यावरून हलू द्यायची नाही. मग उभं राहून तेच. मग पाय जुळवून, डोळे मिटून. मग चालत. अशा सहा पायऱ्या. प्रत्येक व्यायामानंतर अ‍ॅपमधली बाई विचारते — चक्कर किती आली, शून्य ते दहा? आपण आकडा दाबायचा. आकडा कमी असला तर ते पुढच्या पायरीवर नेतं, जास्त असला तर मागे आणतं. धुळ्यात बसून मॅडमना सगळं दिसतं.

“थोडी चक्कर यायलाच हवी,” मॅडम म्हणाल्या होत्या. “ती आल्याशिवाय मेंदू शिकत नाही. फार सांभाळून बसलात तर चक्कर कायमची घर करेल.” हे वाक्य मी त्यांच्यासमोर बसून ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी तिथेच भांडले. ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपीचा माणूस नेमा म्हणून आम्ही पत्रकं काढतोय आणि तुम्ही हातात मोबाइल देता? मॅडम शांतपणे म्हणाल्या, “नेमला तर मला आनंदच आहे. तोवर यांनी काय करायचं?” मला राग तेवढा आला. मी म्हटलं, मी असल्या यंत्राला हात लावणार नाही.

उज्ज्वला वहिनीने लावला.

वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, फैजपूरची. भाऊ दीपनगरला ठेकेदाराकडे कामाला, सुट्टीच्या दिवशी घरी येणारा. वहिनी आमच्याकडे येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिची बोली वेगळी, आमची अहिराणी वेगळी, आणि आई तिच्या बोलण्याची नक्कल करून तिला चिडवायची. तिच्याकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती — मी तर नाहीच. तिने भावाचा जुना, काचेला तडा गेलेला फोन घेतला, ते अ‍ॅप त्यात टाकून घेतलं, पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, आईला पाटावर बसवलं आणि म्हणाली, “आत्याबाई, त्या ठिपक्याकडे पाहा. तो तुमचा मांडा हाये असं समजा. नजर काढली का फाटला.”

आई हसली. आजारपणात पहिल्यांदा.

मी तरी किती दिवस घरी बसणार? महिना झाला, जळगावहून फोन येऊ लागले, मी गेले. शनिवारी-रविवारी यायचे. आणि प्रत्येक शनिवारी घर थोडं बदललेलं असायचं. आई त्या अ‍ॅपमधल्या बाईला ‘धुळ्यावाली’ म्हणू लागली होती. तिच्याशी वाद घालायची. “तिले सांग, मनी चूल पेटेल शे, जराशी थांब!” टिकटिक सुरू झाली की शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणायच्या, काय वं, सासू-सुनेचा तबला सुरू झाला का? वहिनी पाठीमागे उभी, हात आईच्या खांद्यांपासून चार बोटं दूर — धरायचे नाहीत, पण पडली तर झेलायला तयार. व्यायाम झाला की आकडा. आई म्हणायची पाच, वहिनी दाबायची पाच. आई म्हणायची चार, वहिनी दाबायची चार.

आणि मी दारात पिशवी घेऊन उभी.

एका तपासणीला आम्ही तिघी धुळ्याला गेलो. बस थांबली, आईच्या पुढे मी उतरले आणि वळून हात वर केला. आईने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातावरून हात पुढे नेला आणि मागून उतरणाऱ्या वहिनीचा खांदा धरला. “उज्ज्वला, मले धर वं.” इतकंच. माझा हात तसाच वर राहिला. स्टँडवर कुणाला वाटलं असेल मी रिक्षा थांबवतेय.

तुम्ही म्हणाल, एवढंसं? हो, एवढंसंच. दारूबंदीपासून दवाखान्यापर्यंत मी मोठमोठ्या गोष्टींवर बोलते, आणि मी पेटले ती एवढ्याशा गोष्टीने. परत येताना सबंध वाट मी वहिनीच्या पाठीकडे बघत होते. आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मी मनात म्हणत होते — ही कोण? तीन वर्षांची पाहुणी. आईला अठ्ठावीस वर्षं मी ओळखते.

ओळखते? मला आईचा मांडाही लाटता येत नाही.

उन्हाळा जवळ आला तशी आई पाचव्या पायरीवर पोचली. भिंत सुटली. मोरीत एकटी जाऊ लागली. मॅडमनी तिच्यासाठी खास एक व्यायाम जोडून दिला होता — दोन्ही हातांवर ओला टॉवेल घ्यायचा आणि मांड्यासारखा या हातावरून त्या हातावर झेलत, पाटाकडून चुलीकडे वळायचं. तो टॉवेल झेलताना आईचा चेहरा… तो मला लिहिता येत नाही. मॅडम म्हणाल्या, सहाव्या पायरीवर सलग आठ दिवस चक्कर तीनच्या आत राहिली की खुशाल खापरापुढे बसा. आईने बोटांवर दिवस मोजले. आखाजी गाठता येत होती. तिने माळ्यावरून खापर उतरवून घेतलं, धुतलं, उन्हात उपडं घातलं. आखाजीच्या आठवड्यातल्या दोन लग्नांना तिने हो म्हणून टाकलं.

त्याच सुमाराला वहिनीच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. एकुलती एक बहीण, तिला तीन आठवडे आधी जाणं भाग होतं. जाताना तिने तो तडा गेलेला फोन माझ्या हातात दिला. “ताई, मी फैजपूरले जाऊ राह्यली. आत्याबाईचं सगळं आता तुमच्या हाती. चुकवू नका हं, आखाजीले मी यांच्या हातचा मांडा खाणार हाये.”

मी दोन आठवडे रोज एरंडोल-जळगाव जाणं-येणं केलं आणि शेवटचा आठवडा रजाच टाकली. सकाळी व्यायाम, संध्याकाळी व्यायाम. ज्या यंत्राला हात लावणार नव्हते ते मी पिठाच्या डब्याला टेकवत होते.

आता इथवर आले आहे तर — थांबते जरा. इथे मला वाटतं की सांगावं, मला त्या अ‍ॅपबद्दल तात्त्विक आक्षेप होता. माणसाच्या जागी यंत्र आणणाऱ्या धोरणाविरुद्ध माझा लढा होता. कितीदा मी स्वतःला हे सांगितलं आहे! छान वाक्य आहे, पत्रकात शोभेल. पण ते खोटं आहे. मी जे केलं त्याचा धोरणाशी काही संबंध नव्हता.

पहिल्या दिवशी आई म्हणाली दोन, मी दोन दाबलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अ‍ॅपमध्ये वाजंत्री वाजली, बाई म्हणाली शाब्बास, तुम्ही सहाव्या पायरीवर आलात. आईने टाळी वाजवली. मी तिला मिठी मारायला पुढे झाले, तर ती म्हणाली, “उज्ज्वलाले फोन लाव, तिले सांगू दे.” मी म्हटलं, लग्नघर आहे, कामात असेल. आई म्हणाली, मग तिचा येईपर्यंत बसते. आणि बसली. माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता, फोन मांडीवर घेऊन, एखाद्या पोरीसारखी.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल झेलून झाला. टिकटिक थांबली. आईने पदराने घाम पुसला आणि म्हणाली, “दोन. दोनबी नही, दीडच लिख.”

मी सात दाबलं.

सातच का? नऊ दाबलं असतं तर धुळ्याहून लगेच फोन आला असता. पाच दाबलं असतं तर अ‍ॅप जागचं हललं नसतं. म्हणजे मी विचार केला. बोट घसरलं नाही, डोळा चुकला नाही. आईला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. तिने विचारलं, “काय म्हणस धुळ्यावाली?” मी म्हटलं, “आज जराशी जास्त व्हयनी म्हणस.” ती म्हणाली, बरं.

संध्याकाळी पुन्हा सात. दुसऱ्या दिवशी सात, मग सहा, मग आठ — सारखे आकडे दिसू नयेत म्हणून. अ‍ॅपने तिला पाचव्या पायरीवर आणलं, मग चौथ्या, मग तिसऱ्या. टॉवेल गेला. चालणं गेलं. आठवड्याभरात आई पुन्हा पाटावर बसून ठिपक्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. एका सकाळी ती मला म्हणाली, “मनं डोकं सांगस बरं शे, फोन सांगस नही. आते कोनं ऐकू?”

हा प्रश्न तिने मला विचारला. मला. जिने आयुष्यभर लोकांना सांगितलं की सरकारी कागदावर नाही, स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवा!

मी म्हटलं, “फोनचं ऐक. तिले जास्त समजस.”

आणि मग हळूहळू ते झालं ज्याची मी वाट बघत होते. आई पुन्हा भिंत धरू लागली. बरी असूनही — कारण फोन म्हणत होता ती बरी नाही. मोरीच्या दाराशी थांबली आणि तिने हाक मारली. “योगे, मले धर वं.” मी धावले. तिची नखं माझ्या दंडात रुतली. त्या क्षणी मला लाज वाटली असं लिहायला मला आवडेल. मला सुख वाटलं.

तुम्ही अजून वाचताय? मग याहून वाईट ऐका.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मॅडमचा फोन आला. आकडे पाहून त्या काळजीत होत्या. इतकं छान चाललेलं एकदम का उतरलं? पडल्या का? ताप आला का? घरात काही बदल? खरं बोलायची ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं — आणि माझा आवाज अगदी सभेत बोलतानासारखा स्थिर होता — “मॅडम, वहिनी आधी फार घाई करायच्या. आईला चक्कर आली तरी कमी आकडा टाकायच्या, पुढची पायरी लवकर यावी म्हणून. मी खरा टाकतेय.”

मॅडम म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत.

आपला गुन्हा जसाच्या तसा उचलून मी दुसऱ्याच्या अंगावर घातला. खोटे आकडे टाकणारी ती, खरे टाकणारी मी. एवढी नेटकी उलटापालट मी कुठल्या पत्रकातही केली नव्हती.

वहिनी लग्नाहून परतली, हाताची मेंदीही उतरली नव्हती, आणि आम्ही तिघी धुळ्याला गेलो. मॅडमनी तिला आईसमोरच सुनावलं. ओरडल्या नाहीत, पण शब्द कडक होते. नणंदेने सांगितलं म्हणून कळलं, रुग्णाला पुढे ढकलण्यासाठी आकडे बदलायचे नसतात, तुमच्या घाईने यांचे दोन महिने वाया गेले, आखाजी विसरा. मी शेजारच्या खुर्चीवर फाइल मांडीवर धरून बसले होते. वहिनीने तोंड उघडलं. आईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. “असेल, मॅडम. आत्याबाई पाच म्हणायच्या, पण मले वाटे का चार असेल… एखाद्या दिवशी दाबलं असेल. चुकलंच माझं.”

तिने कधीच तसं दाबलं नव्हतं. दर शनिवारी दारात उभं राहून मी पाहिलं होतं — आई जे म्हणेल तेच. पण इतक्या शिकलेल्या दोन बायका सांगतायत म्हटल्यावर तिला स्वतःच्या बोटाचाही भरवसा उरला नाही. आईला डोक्याचा उरला नव्हता, हिला बोटाचा. दोन्ही मीच काढून घेतले.

बसमध्ये आई खिडकीपाशी बसली, मी तिच्या शेजारी. वहिनी मागच्या सीटवर. मला हवं ते सगळं मिळालं होतं.

नंतर त्याचं मी पत्रकही केलं. ‘एका आईचा अनुभव’. मोबाइलच्या भरवशावर सोडलेल्या एका बाईचा आजार कसा उलटला — नाव न देता, एरंडोल तालुका एवढंच लिहून. मागणी तीच: मोबाइल नको, माणूस द्या. सभेत ते वाचलं तेव्हा बायकांनी डोळे पुसले. ती मागणी आजही खरी आहे, ग्रामीण रुग्णालयातली ती जागा आजही रिकामी आहे, तिच्यासाठी मी उद्याही भांडणार आहे. पण तिला जोडलेला पुरावा मी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या बोटाने तयार केला होता.

आखाजी आली. आईने दोन्ही लग्नांना नाही म्हणून निरोप धाडले. आमच्या घरी चूल पेटली, खापर चढलं, पण आई त्याच्यापुढे बसली नाही. ती लांब, दाराला पाठ लावून बसली आणि वहिनीला म्हणाली, तू बस. वहिनी घाबरली. तिचा पहिला मांडा फाटला, दुसरा जळला. आई लांबून हातवारे करत होती — कोपर वर, अजून वर, मान नको हलवू, नजर ठेव. तिसरा मांडा उतरला. बाहेर पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मी आमरसाची वाटी हातात घेऊन उभी होते. आईला मी खापरापासून उठवलं, आणि त्या जागेवर जाऊन कोण बसलं? तीच. मीच तिला तिथे बसवलं.

रात्री भांडी आवरताना मी आईला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, खापर मला का नाही दिलंस. आई खरोखर चकित झाली. “तू काय करशी वं खापरले? तू ते कागद वाटशी!” आणि हसली. तिच्या मनात काहीही नव्हतं. मी स्वयंपाकघराला तुरुंग म्हणणारी पोर, मला खापर कशाला लागेल?

वहिनीने फोन पुन्हा हातात घेतला. तिसऱ्या पायरीपासून. आता ती आकडा दाबण्याआधी आईला तीन-तीनदा विचारायची आणि एक जास्तीचाच टाकायची, घाई नको म्हणून. त्यामुळे वेळ लागला. दिवाळीच्या आत आई सहाव्या पायरीवर पोचली, आठ दिवस झाले, मॅडम म्हणाल्या बसा खापरापुढे. आई बसली नाही. आजतागायत बसलेली नाही. ती बाजारात जाते, एकटी एसटीने माहेरी जाते, पद्मालयाच्या गणपतीला पायऱ्या चढून जाते. पण हातावर मांडा घेत नाही. एकदा मीच आग्रह केला — हो, माझी हिंमत बघा. म्हटलं, आता तर तुला काही होत नाही ना? ती म्हणाली, “आते काही व्हत नही. पन त्या टाइमलेबी मले बरंच वाटे. तरी बिघडेलच व्हतं ना?”

जी कला तिच्या कोपरांत, मानेत, नजरेत चाळीस वर्षं होती, ती काही आजाराने नेली नाही. आजार तर बरा झाला. तिला बरं वाटतंय, यावरचा तिचा विश्वास गेला. तो मी एकोणीस दिवसांत, रोज दोनदा, एकेका आकड्याने काढला.

पाहुण्यांमध्ये विषय निघाला की आई अजूनही सांगते, “सूननी जराशी घाई कयी, पन मन वाईट नही तिनं.” सुनेची बाजू घेतेय असंच तिला वाटतं. वहिनी तेव्हा ताटं वाढत असते. मान खाली असते. एकदाही ती म्हणाली नाही, मी तसं केलं नव्हतं. कदाचित तिलाही आता वाटत असेल की तिने केलं होतं.

यंदाच्या आखाजीला आजूबाजूच्या तीन लग्नांचे मांडे वहिनीने केले. लोक आता तिला विचारून तारखा धरतात. मी घरी गेले तेव्हा ती चुलीपुढे होती, कोपरापर्यंत मांडा, चेहरा जाळाने लाल. आई मागे उभी होती, दोन्ही हात वहिनीच्या खांद्यांपासून चार बोटं दूर. मला बघून वहिनी म्हणाली, “या ताई, पहिला तुमचाच.” तिने तो घडी घालून माझ्या ताटात ठेवला. वर तूप सोडलं. मी खाल्ला. मागून दुसरा घेतला.

आमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात. याच्या शेवटी एकही नाही. वर्तमानपत्रात चूक छापली गेली तर पुढच्या अंकात खाली, बारीक अक्षरांत दुरुस्ती देतात. ही मी मोठ्या अक्षरांत देते आहे, आणि उद्या सकाळच्या बसने एरंडोलला जाऊन दोघींना समोर बसवून वाचून दाखवणार आहे, कारण आईला वाचता येत नाही.

उज्ज्वला वहिनीने घाई केली नव्हती. आईचं डोकं बरोबर सांगत होतं. ती दोन म्हणत होती. सात मी लिहिलं.